पट्टकादंब उजनीवरून परत का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही उजनी धरणाच्या काठी राहता, घरची होडी आहे, थंडीत पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना पाण्यावर फिरवता. पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यामागं दोन काळे पट्टे असलेल्या हंसांचा, थवा दिसला की तुम्ही सांगता, ‘तिकडे बर्फ पडतो म्हणून हे हिमालय ओलांडून येतात.’ त्यावर एका पाहुण्याच्या मुलीनं विचारलं, ‘मग एवढं पाणी आणि एवढा हरभरा सोडून परत का जातात? इथंच अंडी का घालत नाहीत?’ तिथं तुम्ही अडलात. शिवाय गेल्या वर्षी दोन कादंब मे संपेपर्यंत मागंच राहिले होते, ते आता इथलेच होतील का, हेही तुम्ही विचारलं आहे.

त्या मुलीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. येण्याचं कारण कुणीही सांगेल: गोठलेल्या तळ्यावर चरायला काही मिळत नाही. खरं कोडं परत जाण्याचं आहे, आणि ते सुटलं की येण्याकडेही आपण वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी कशावरून बोलते ते कळेल. मी बरीच वर्षं रिंगिंगचं काम करते. पहाटे बारीक जाळी लावायची, अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, पायात नंबर कोरलेला हलका वाळा चढवायचा, पंख मोजायचा, वजन करायचं आणि सोडून द्यायचा. (परवानगीशिवाय हे कुणी करू नये, कायद्यानं तो गुन्हा आहे.) भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते 1959 पासून, सालीम अलींच्या देखरेखीखाली, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या प्रकल्पात. तेव्हा पैसा आला होता जागतिक आरोग्य संघटनेकडून, कारण कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडतापाची साथ आली होती आणि स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून विषाणू आला असेल का, हे तपासायचं होतं. पक्षी कुठून येतात हे आपल्याला कळलं, त्यात गोचिडांचाही वाटा आहे.

आता एक अट आधीच सांगते. ‘स्थलांतरी’ म्हटले जाणारे सगळे पक्षी एकाच कारणानं फिरत नाहीत. तुमच्या धरणावरचे रोहितच (फ्लेमिंगो) घ्या. त्यांना सर्रास ‘सायबेरियाचे पाहुणे’ म्हणतात, पण आपल्याकडच्या रोहितांचं मोठं घर कच्छच्या रणात आहे. पाणी किती आणि खाणं कुठं, ते बघत ते हिंडतात. नवरंग उन्हाळ्याच्या शेवटी कोकणात येतो तो दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडून. म्हणून खाली लिहिते ते मुख्यतः लांब पल्ल्याच्या, दरवर्षी ठरल्या वेळी जाणाऱ्या-येणाऱ्या पक्ष्यांबद्दल आहे. त्यातही कादंबाला लागू पडेल ते धोबी पक्ष्याला पडेलच असं नाही.

कादंबापासूनच सुरुवात करू. समजा एका जोडीनं ठरवलं की यंदा जायचं नाही, उजनीकाठच्या भिगवणलाच संसार थाटायचा. मे महिना डोळ्यांपुढं आणा. मी सांगायला नको, तुम्ही तिथंच असता. पेपरात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते. पाणी मैलभर आत सरकलेलं असतं, जिथं होडी चालवता तिथं भेगा पडलेल्या चिखलात कुत्री फिरत असतात आणि काठावरचं गवत वाळून गेलेलं असतं. कादंब जमिनीवर घरटं करतो, शक्यतो तळ्यातल्या बेटावर. महिनाभर अंडी उबवायची. पिल्लं पहिल्या दिवसापासून आपली आपण चरतात आणि त्यांना लागतं कोवळं, लुसलुशीत गवत. पुढं त्यांना उडता येईपर्यंत जवळपास दोन महिने जातात. बहुतेक लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट यापुढची आहे: पिल्लं वाढत असतानाच आई-बापांची उडण्याची सगळी पिसं एकदम गळतात. नवी येईपर्यंत तीन-चार आठवडे मोठे पक्षीही उडू शकत नाहीत. म्हणजे त्या काळात अख्खं कुटुंब पायी. अशा वेळी हवं सभोवती खोल पाणी आणि काठाला हिरवळ, तेही मे ते ऑगस्ट सलग. उजनी हे सगळं देते, पण डिसेंबरात. कादंबाला जेव्हा गरज असते तेव्हा देत नाही.

ते सगळं तिबेटच्या पठारावर, मंगोलियात, किरगिझस्तानात, आणि आपल्याच लडाखमध्ये त्सो मोरिरीसारख्या साडेचार हजार मीटर उंचीवरच्या सरोवरांकाठी मिळतं. बर्फ वितळतं, गवताला कोंब फुटतात आणि ते नेमकं पिल्लांच्या चोचीच्या उंचीचं असतं. पण म्हणून कादंबाला थंडीच हवी किंवा उंचीच हवी असं समजू नका. नेदरलँड्समध्ये पाळीव पक्ष्यांतून सुटलेले पट्टकादंब समुद्रसपाटीवर पिल्लं काढतात, कारण तिथं वसंतात गवत आहे आणि पाणी आटत नाही. तेव्हा त्या मुलीला सांगायचं पहिलं उत्तर असं: उजनीवर पोट भरतं, पण पिल्लं वाढत नाहीत.

हेच थोडं मोठं करून बघू. पुण्याच्या अक्षांशावर वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. मंगोलियात तो सोळा तासांच्या आसपास जातो, आणि आर्क्टिक वृत्ताच्या वर तर काही आठवडे सूर्य मावळतच नाही. पिल्लांना किडे भरवणाऱ्या आई-बापांना रोज तीन तास जास्त मिळाले तर काय फरक पडतो, हे ज्यानं घरट्यावर बसून फेऱ्या मोजल्यात त्याला विचारा. शिवाय उत्तरेत आठ-नऊ महिन्यांच्या हिवाळ्यामुळं कायमचे रहिवासी पक्षी थोडे. उन्हाळा आला की किड्यांचा आणि गवताचा एकदम पूर येतो आणि खाणारी तोंडं कमी असतात. आपल्याकडं उलट. इथं प्रत्येक फांदीवर आधीच कुणीतरी बसलेलं आहे, आणि प्रत्येक घरट्यावर टपलेला कावळा, मुंगूस, साप, घोरपडही आहे.

घरट्यांच्या या धोक्याचीही मोजणी झाली आहे. कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये संशोधकांनी दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत अनेक ठिकाणी जमिनीवर खोटी घरटी मांडली, त्यात लावऱ्यांची अंडी ठेवली आणि किती अंडी खाल्ली जातात ते बघितलं. 2010 मध्ये निकाल छापून आले. जसजसं उत्तरेला जावं तसतसा धोका उतरत गेला. दक्षिण टोकाच्या मानानं उत्तर टोकाला तो जवळजवळ दोन-तृतीयांशानं कमी होता. तुमच्या काठावर येणारे तुतवार आणि चिखले एवढ्या लांब का जातात, याचं हे एक कारण. एकच नव्हे, पण वजनदार.

हे सगळं फुकट मिळत नाही. अमेरिकेतल्या एका लहानशा वटवट्याचा वर्षभर हिशेब ठेवला तेव्हा दिसलं की वर्षातल्या मृत्यूंपैकी 85 टक्क्यांहून जास्त प्रवासाच्या काळात होतात. थंडीच्या मुक्कामी आणि घरट्याच्या जागी तो त्या मानानं सुखरूप असतो. वाट मारते. तरीही वंश चालू राहतो, कारण जे पोचतात ते पुरेशी पिल्लं काढतात. आपला सातभाई वर्षानुवर्षं त्याच बाभळीवर जगतो आणि एका वेळी तीन-चार अंडी घालतो. उत्तरेचे बरेच लहान पक्षी एका हंगामात त्याहून जास्त घालतात, पण फार वर्षं जगत नाहीत. दोन्ही धंदे चालतात. एक उधारी टाळून बारीक नफ्यावर, दुसरा मोठी जोखीम घेऊन.

वाट किती मागते ते मी हातात बघते. धोब्याला उलटा धरून छातीवरची पिसं हलकेच फुंकली की पातळ कातडीखालून चरबी पिवळी दिसते. गळ्याखाली, बेचक्यासारख्या हाडाच्या मध्ये एक खळगी असते. डिसेंबरात ती रिकामी असते, लालसर स्नायू दिसतो. मार्चअखेर तीच खळगी भरून फुगून वर आलेली असते, लोण्याचा गोळा ठेवल्यासारखी. चरबी हे प्रवासाचं उत्तम इंधन, कारण तोलामागं तिच्यात साखर-पिष्टाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते आणि तिच्यासोबत पाण्याचं ओझं वाहावं लागत नाही. पट्टेरी शेपटीचे पाणटिवळे तर निघण्याआधी जठर-आतडी आक्रसून घेतात, वाटेत खायचंच नाही तर सामान कशाला! त्यातल्याच एका पाच महिन्यांच्या पिल्लानं 2022 मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर अंतर 11 दिवसांत, कुठंही न उतरता कापलं. पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी उधईवर ताव मारून निघालेला अमूर ससाणा दीडेकशे ग्रॅमचा असतो. भारत आणि अरबी समुद्र एका दमात पार करून तो सोमालियात उतरतो.

कादंबांच्या बाबतीत एक गैरसमज तेवढा दूर करते, कारण होडीवर तो रोज ऐकू येतो. ‘एव्हरेस्टवरून उडतात’ असं सांगायचा मोह होतो. ट्रान्समीटर लावलेल्या कादंबांची सगळ्यात मोठी उंची 7,290 मीटर नोंदली गेली, आणि बहुतेक वेळ ते त्याहून पुष्कळ खाली, खिंडी-दऱ्यांच्या चढ-उताराला धरून उडतात. उंचावर विरळ हवेत पंख मारणं महागात पडतं, म्हणून डोंगर संपला की ते उंची सोडून देतात आणि पुढं पुन्हा चढतात. निघतात बहुधा रात्री किंवा पहाटे, हवा गार आणि दाट असताना. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं, फुप्फुसंही इतर हंसांपेक्षा मोठी. मला तर ‘एव्हरेस्टवरून’ पेक्षा ‘खिंड बघून’ हेच जास्त थोर वाटतं.

आतापर्यंत आपण उजनीच्या काठावर उभे राहून उत्तरेकडं बघत होतो. आता पाठ फिरवू.

जूनच्या तोंडाला तुमच्याकडं चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पिऊ-पिऊ करत बाभळीवर बसतो. तो येतो आफ्रिकेतून. (भारताच्या दक्षिण टोकाला आणि श्रीलंकेत काही चातक बारा महिने राहतात, ते वेगळे.) का येतो? पावसानंतर इथं केसाळ सुरवंटांचा सुकाळ होतो आणि सातभाई घरटी करायला लागतात. चातक स्वतः घरटं करत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडं टाकतो. म्हणजे चातकाच्या हिशेबात महाराष्ट्राचा पावसाळा ही तीच जागा आहे, जी कादंबाच्या हिशेबात मंगोलियाचा उन्हाळा आहे: थोड्या महिन्यांची चंगळ, पिल्लांपुरती. चातक ऑक्टोबरात निघून गेला की ‘एवढं सुंदर माळरान सोडून का गेला’ असं आपण विचारत नाही. पाऊस संपला, सुरवंट संपले, जाणारच, हे आपल्याला उघड वाटतं. लडाखचा मेंढपाळ कादंबाबद्दल तेच म्हणेल. पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे आपण कुठं उभे आहोत त्यावर ठरतं.

चातक मला अजून एका गोष्टीसाठी आवडतो. त्याचं पिल्लू सातभायांनी वाढवलेलं असतं. जन्मदात्यांशी त्याची गाठ पडत नाही. सातभाई म्हणजे शिवेपलीकडं न जाणारा पक्षी, तो आफ्रिकेचा रस्ता काय शिकवणार? तरी ते पिल्लू शरदात, बहुतेक रात्री, एकटं उठतं आणि निघतं. म्हणजे केव्हा निघायचं, कोणत्या दिशेला आणि साधारण किती दिवस, याचा ढोबळ आराखडा अंड्यातच येत असला पाहिजे.

‘ढोबळ’ हा शब्द मुद्दाम वापरला. 1950च्या दशकात नेदरलँड्समध्ये वाटेवर असलेल्या हजारो साळुंकीवर्गीय स्टारलिंगना पकडून विमानानं स्वित्झर्लंडला नेऊन सोडलं होतं. पहिल्यांदाच प्रवास करणारी पिल्लं त्यांच्या ठरल्या दिशेनं सरळ उडत राहिली आणि स्पेन-फ्रान्सकडं भलतीकडंच पोचली. आधी प्रवास केलेल्या मोठ्यांनी मात्र दिशा बदलली आणि आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडं वळले. दिशा वारशानं मिळते, पत्ता अनुभवानं पाठ होतो. कादंब कुटुंबानं उडतात, त्यामुळं त्यांची पिल्लं वाट आई-बापांमागून शिकतात. तिथं वारसा आणि शिकवण यांचं प्रमाण वेगळं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचा आतला भाग: हे मुळात सुरू कसं झालं? लोकांच्या मनात असं चित्र असतं की कुणी एक धाडसी थवा हिमालय ओलांडून गेला आणि मग प्रथा पडली. माझ्या समजुतीनं ते तसं घडत नाही. बहुतेक पक्षीकुळांत ‘जाणं’ आणि ‘थांबणं’ ही दोन्ही बीजं आधीच असतात, परिस्थिती त्यातलं एक वाढवते. जर्मनीत पीटर बर्टहोल्ड यांनी ब्लॅककॅप नावाच्या वटवट्यांवर हे दाखवलं. त्यांनी अशा ठिकाणचे पक्षी घेतले, जिथले काही थंडीत जातात आणि काही थांबतात. पिंजऱ्यातला जाणारा पक्षी ऋतू आला की रात्रभर फडफडतो, त्यावरून तो ओळखू येतो. जाणाऱ्यांची जाणाऱ्यांशी आणि थांबणाऱ्यांची थांबणाऱ्यांशी जोडी लावत गेल्यावर तीन पिढ्यांत एका बाजूचे सगळे पक्षी जाणारे झाले, आणि सहाएक पिढ्यांत दुसऱ्या बाजूचे जवळजवळ सगळे थांबणारे. कॅलिफोर्नियातल्या, फारशा न हलणाऱ्या हाउस फिंच पक्ष्यांना 1940च्या सुमारास न्यूयॉर्क भागात सोडून दिलं, तर काही दशकांत त्यांच्यातले बरेच जण थंडीत दक्षिणेला जाऊ लागले. हिमयुगाचा शेवटचा कळस सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचा. बर्फ मागं हटत गेलं तशी उत्तरेत जागा मोकळी होत गेली. आज आपण बघतो त्यातल्या कितीतरी वाटा त्यानंतर आखल्या किंवा लांबवल्या गेल्या असणार.

मूळ पक्षी दक्षिणेचा होता आणि पिल्लांसाठी उत्तरेला सरकला, की उत्तरेचा होता आणि थंडीपुरता दक्षिणेला सरकला, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. अमेरिकेतल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या एका मोठ्या वंशावळीचा अभ्यास दुसऱ्या बाजूनं बोलतो. मला वाटतं कुळागणिक उत्तर वेगळं निघेल, एकाच काठीनं सगळी मेंढरं हाकता येणार नाहीत. पण वाटेत इतिहास अडकून राहतो हे खरं. अलास्कात पिल्लं काढणारा पंचवीस ग्रॅमचा रणगोजा थंडीला दक्षिण अमेरिकेत जात नाही. तो सायबेरिया, मध्य आशिया, अरबस्तान ओलांडत सुमारे 14,500 किलोमीटरवरच्या पूर्व आफ्रिकेत जातो. कारण त्याचे पूर्वज आशियातून पसरत अलास्कात पोचले, आणि नातवंडं अजून आजोबांच्या गाडीवाटेनंच परततात.

‘इथंच का राहत नाहीत’ याला मात्र एक खरंखुरं उदाहरण आहे, आणि ते तुमच्या विजेच्या तारांवर बसणाऱ्या माळभिंगरीचं आहे. उत्तर अमेरिकेतल्या माळभिंगऱ्या थंडीला अर्जेंटिनात जातात. 1980 मध्ये तिथल्या काही जोड्यांनी परत न जाता ब्युनोस आयर्स प्रांतात पुलाखाली घरटी केली. तिथं तेव्हा दक्षिण गोलार्धातला उन्हाळा असतो, किडे असतात आणि पुलाच्या रूपानं घरट्याला जागाही होती. त्या टिकल्या, वाढल्या. पुढं त्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं लावली तेव्हा कळलं की त्यांचे वंशज आता उत्तर अमेरिकेत जातच नाहीत. अर्जेंटिनात थंडी पडली की ते दक्षिण अमेरिकेच्याच उत्तर भागात जातात. म्हणजे पक्षी ‘राहिले’, पण स्थलांतर सोडलं नाही. कॅलेंडर सहा महिन्यांनी फिरवलं, इतकंच. त्यांना जमलं कारण मुक्कामाच्या जागी नेमका त्यांच्या हंगामाला सुकाळ होता. उजनीवर कादंबाच्या हंगामाला दुष्काळ असतो.

राहता राहिले तुमचे ते दोन कादंब. प्रत्यक्ष न बघता खात्रीनं सांगता येणार नाही, पण मी शक्यता अशा लावीन. एक, त्यातला एक जखमी असेल, तारेला लागलेला किंवा पंखात दोरा अडकलेला, आणि हंसांच्या जोड्या वर्षानुवर्षं टिकतात म्हणून दुसरा थांबला असेल. दोन, दोघंही वर्षाची पोरं असतील. कादंब पहिल्या वर्षी अंडी घालत नाहीत, त्यामुळं जायची घाई नसते. किनाऱ्यावरच्या चिखलपक्ष्यांची कितीतरी पिल्लं पहिला उन्हाळा अशीच इथं काढतात. ते इथलेच झाले असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा घरटं दिसेल.

पुढच्या मेमध्ये पुन्हा कुणी मागं राहिलं तर लांबूनच दुर्बिणीतून बघा: डोक्यामागचे दोन काळे पट्टे ठळक आहेत की पुसट. पिल्लांना ते पट्टे नसतात, मोठेपणी येतात. एक पंख लोंबतोय का? होडी जवळ नेऊन उडवून बघू नका. शेवटचा थवा कोणत्या तारखेला गेला तेही वहीत लिहून ठेवा, दरवर्षी. आणि गळ्यात रंगीत पट्टा दिसला तर रंग आणि त्यावरची अक्षरं टिपून, फोटो काढून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. मंगोलियात असे गळपट्टे घातलेले कादंब भारतात दिसलेले आहेत. तसा एखादा सापडला, तर पुढच्या वेळी त्या मुलीला तुम्ही नुसतं ‘हिमालयापलीकडून’ म्हणणार नाही, तळ्याचं नाव सांगाल.